कोण आहे?

आमच्या दाराला साखळी मी लावून घेतली, कारण बाबांचा भरवसा नाही. बेल वाजली की सरळ दार उघडतात. "आधी कोण आहे ते विचारावं माणसानं," असं मी त्यांना सांगून सांगून थकले. ते हो म्हणतात आणि पुन्हा तेच. माझं उलट आहे. रोजच्या दूधवाल्यालाही मी आतून दोनदा "कोण?" विचारते. संशयी म्हणा, मला चालतं.

ती माहितीपटवाली बाईही अशीच घरात शिरली, सोबत कॅमेरावाला. तरुणपणी बाबा आणि काका ज्या दूरच्या बेटांवर लढायला गेले होते, त्या मोहिमेवर ती माहितीपट करत होती. ती मोहीम कुणाला माहीत नाही. आमच्या शाळेच्या पुस्तकात तिच्यावर दीड ओळ होती. बाई फार गोड बोलत होती. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

कॅमेरावाला गाडीतून दिवे आणायला खाली गेला. बाई भिंतीकडे वळली. तिथे काकांचा फोटो आहे आणि खाली चौकटीत सरकारी कागद: शत्रूशी लढताना वीरमरण. काका बोलताना अडखळायचे, म्हणून तुकडीत त्यांना 'ततपप' म्हणत. बाबा हे हसत सांगायचे. काकांचा शेवटचा दिवस मात्र त्यांनी कधीच सांगितला नव्हता.

बाईनं कागद दोनदा वाचला. "आजोबा, नोंदींप्रमाणे शत्रू तीन आठवडे आधीच बेट सोडून गेला होता. तुम्ही उतरलात तेव्हा तिथे कुणीच नव्हतं."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे आमचे बाबा खोटारडे? उठा. वायरी गुंडाळा आणि चालू लागा."

"बस गं," बाबा म्हणाले. "बरोबर बोलतेय ती."

मी बसले.

"धुकं इतकं, की स्वतःचा हात दिसेना. मी पहाऱ्यावर. त्या दिवशी परवलीचा शब्द होता 'पोपट'. तो ऐकून सगळे तुझ्या काकाकडे बघून हसले. मीही हसलो. 'प' त्याला लवकर सुटायचाच नाही. आधी तोंड उघडं, आवाज नाही, मग कधीतरी 'प' यायचा. पावलं वाजली. मी ओरडलो, कोण? काही नाही. पुन्हा, कोण? काही नाही."

बाबांनी पाण्याचा घोट घेतला.

"गोळी सुटली आणि मग 'प' आला."

वीरमरण अधिकाऱ्यानं लिहिलं होतं. साक्षीदार म्हणून सही बाबांची होती. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी त्यांना पोटाशी धरावंसं वाटलं.

"कॅमेरा आला की पुन्हा सांगतो," बाबा म्हणाले.

"अजिबात नाही! हे या खोलीबाहेर जाणार नाही. आता मी दारच उघडत नाही."

"सत्तर वर्षं पोटात ठेवलंय गं. आता तरी बोलू दे."

बेल वाजली. मी दाराशी जाऊन सवयीनं ओरडले, "कोण?"

उत्तर नाही.

"कोण?"

मागे खुर्ची करकरली. वळून पाहिलं तर बाबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते, डोळे मिटले होते, आणि ते ऐकत होते. चाळीस वर्षं मी याच दाराशी, त्यांच्यादेखत, हेच ओरडत आले होते.

मी साखळी काढली.