उलटं केलं तरी तेच

भाऊजींचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. नाटकांना भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानाची मालकीण सगळ्यांची ताई, म्हणून तिचा नवरा आपोआप भाऊजी. निवृत्त होईपर्यंत ते एका बड्या कंपनीत डेटाबेस सांभाळायचे. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच सकाळी ते बायकोच्या दुकानात येऊन बसले ते बसलेच. नवरा-बायकोने दिवसभर एकत्र काम करायचं, याहून मोठं सुख ते काय, असं त्यांचं ठाम मत होतं.

पण बसून करायचं काय? गिऱ्हाईक आलं की भाऊजी मध्ये तोंड घालायचे. एकदा त्यांनी सगळे झगे रंगांप्रमाणे लावून ठेवले, आणि नंतर आठवडाभर ताईंना हवा तो झगा सापडेना. शेवटी ताईंनी हात टेकले.

"अहो, इकडे बघा," त्या म्हणाल्या, "मोठ्या नाटक मंडळींचं काम आलंय. पूर्ण दरबार आहे. सगळ्यांना सारखेच निळे कोट, फरक काय तो मापाचा. पहिला प्रयोग नीट पार पडला तर वर्षभराचं काम आपल्याला. मापं मी घेतलीत. कुठला कोट कुणाला ते तुम्ही तुमच्या कॉम्प्युटरवर जुळवा. जमलं तर दुकानातली ही खुर्ची तुमची. नाही जमलं, तर तुम्ही बरे नि आपलं घर बरं."

भाऊजी हुरळून गेले. इतक्या कोटांची मापं एकेक करून बघत बसणं त्यांना कमीपणाचं वाटलं. डेटाबेसमध्ये तुलनेची चिन्हं तयार असतात: बरोबर, लहान, मोठं. पण 'हा कोट या माणसाला बसतो' असं सांगणारं चिन्ह नसतं. ते आपलं आपण बनवायचं. चिन्ह अमुक, त्याचा अर्थ तमुक, असं एकदा सांगितलं की डेटाबेस बिचारा निमूट मान डोलावतो. भाऊजींनी एक नागमोडी रेघ घेतली आणि तिच्यापुढे बाणाचं टोक बसवलं. डावीकडे कोट, उजवीकडे माणूस. कोट माणसापेक्षा दोन बोटं मोठा असला, पण ढगळ नसला, तर उत्तर 'बसतो'. छाती कोटालाही असते नि माणसालाही, म्हणून दोघांना त्यांनी 'माप' या एकाच खात्यात टाकलं. चिन्ह इतकं देखणं झालं, की त्यांनी ते ताईंना दोनदा दाखवलं. ताई दोन्ही वेळा काजं करत होत्या.

इथवर सगळं ठीक होतं. पण चिन्ह बनवताना डेटाबेसला आणखी एक गोष्ट सांगता येते, की दोन्ही बाजूंची अदलाबदल केली तरी उत्तर तेच येईल. 'बरोबर' या चिन्हाचं तसंच असतं, उलटं केलं तरी तेच. एवढी मुभा दिली की डेटाबेस आपल्या सोयीने बाजू फिरवून काम झपाट्याने उरकतो. झपाटा म्हटला की भाऊजींना पुढचं दिसत नसे. त्यांनी लिहून टाकलं: उलटं केलं तरी तेच.

मग त्यांनी स्वतःवर, मेहुण्यावर आणि समोरच्या न्हाव्यावर चाचणी घेतली. तिघांनाही कोट असे बसले की न्हावी आपला कोट परत करायला तयार होईना.

"कोट एकदा नजरेखालून घालू का?" ताईंनी विचारलं.

"काही गरज नाही," भाऊजी म्हणाले. "मशीन आहे ते, चुकत नाही."

गठ्ठे बांधले गेले, प्रत्येकावर नटाची चिठ्ठी लागली आणि सगळं थेट नाट्यगृहात पोचलं.

संध्याकाळी रंगपटात जे दृश्य होतं, ते नाटकात असतं तर प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या असत्या. प्रधानजींच्या बाह्या कोपरापाशी अडकल्या होत्या. दोन सरदार एकमेकांचे कोट ओढून बटणं लावायचा प्रयत्न करत होते. सेनापती, म्हणजे मंडळींतला सगळ्यात भरभक्कम माणूस, अर्ध्या कोटात शिरून तिथेच अडकला होता आणि "आत किंवा बाहेर, कुठेतरी घ्या मला" म्हणून विनवत होता. एकूण एक दरबाऱ्याला कोट दोन बोटं लहान होता.

दिग्दर्शक ताईंवर उखडला. "ताई, तुम्ही मापं टेपने घेतलीत की रबराने?"

ताईंचा चेहरा पडला. आपली वही त्या पुन्हा पुन्हा तपासायला लागल्या. आपल्याच हातून चूक झाली असं त्यांना वाटत होतं. भाऊजींनी लॅपटॉप उघडला आणि घोळ त्यांच्या लक्षात आला. चाचणीत तीनच माणसं होती, तेव्हा डेटाबेस सरळ वागला होता. अख्खा दरबार पुढ्यात आल्यावर त्याने काम लवकर उरकावं म्हणून बाजू फिरवल्या. कोट माणसाला बसतो का हे बघायच्या ऐवजी माणूस कोटाला बसतो का हे बघितलं. कोट माणसापेक्षा दोन बोटं मोठा हवा होता. त्याने कोटापेक्षा दोन बोटं मोठा माणूस शोधून दिला. तशी परवानगी खुद्द भाऊजींनी दिली होती.

गप्प बसले असते तर खुर्ची वाचली असती. तो विचार त्यांच्या मनात आला, नाही असं नाही. पण बायकोचा चेहरा त्यांना बघवेना.

"मापं बरोबर आहेत," ते मोठ्याने म्हणाले. "घोळ मी घातलाय. तिचा काही संबंध नाही."

ताईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, पदर खोचला आणि कात्री काढली. "रडगाणं नंतर. पाठीची मधली शिवण उसवा सगळ्यांची. आतून पट्ट्या लावते मी. पुढून कोट झकास दिसतील. फक्त प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही कुणी."

ब्लेड घेऊन भाऊजी एकेक टाका उसवायला बसले. झपाट्याचं तिथे काही चालेना. घाई केली की कापड फाटायचं आणि ताई डोळे वटारायच्या.

प्रयोग सुरू झाला. दरबार भरला, छाती पुढे काढून उभा राहिला आणि राजाने आज्ञा देताच सगळाच्या सगळा मागे मागे चालत बाहेर पडला. प्रधानजी खांबावर आपटले. सेनापती मात्र अखेरपर्यंत पाठ न दाखवता लढला आणि मेलासुद्धा उताणा. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पडदा पडल्यावर दिग्दर्शक भेटेल त्याला सांगत होता, की दरबारी अदब आपण मुद्दामच तशी बसवली आहे. वर्षाचं काम त्याने ताईंना जागच्या जागी देऊन टाकलं.

प्रयोगानंतर दोघं कोटांच्या घड्या घालत बसली.

"उद्यापासून मी घरी," भाऊजी म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द."

"आधी सांगा, नेमकं काय लिहिलं होतंत?"

त्यांनी सांगितलं. ताई आधी खूप हसल्या. मग घडी घालता घालता थांबल्या.

"अहो, हे तुम्ही या कोटांपुरतंच नाही लिहिलंत. तुम्हाला दिवसभर माझ्याजवळ बसायला आवडतं. मग हिलाही आवडतच असणार, उलटं केलं तरी तेच! मला विचारलंत कधी?"

भाऊजींनी हातातला कोट खाली ठेवला. "नाही आवडत?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

ताईंनी खरंच विचार केला. "जेवणापर्यंत आवडतं. मग कंटाळा येतो. दुकान मी उभं केलंय, दिवसातला थोडा वेळ ते माझं एकटीचं असावं असं वाटतं."

भाऊजींना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. पण 'जेवणापर्यंत' हा शब्द त्यांनी घट्ट धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकानात जेवण झाल्यावर, कुणी न सांगता, ते हात पुसून उठले आणि चपला पायात घालायला लागले.

"कुठे निघालात?" टाचण्या तोंडात धरून ताईंनी विचारलं.

"जेवण झालं की."

"बसा हो. अजून नाही आला कंटाळा."

मलाही नाही आला, असं म्हणायचं भाऊजींच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं. म्हणून त्यांनी नुसत्या चपला काढल्या आणि ते खुर्चीत बसले.