टेबलावरचे हात

सगळे तिला डोळेवाल्या बाई म्हणत. अपघातात किंवा आजारात ज्यांचा एखादा डोळा गेला, त्यांच्यासाठी ती कृत्रिम डोळे बनवायची. माणसाला समोर बसवून, त्याच्या चांगल्या डोळ्याशी ताडून बुबुळ रंगवायचं, पांढऱ्या भागावर शिरा म्हणून लाल रेशमाचे तंतू चिकटवायचे, मग घासून घासून ओलसर चमक आणायची. हे काम तिला सासऱ्यांनी शिकवलं होतं. ते गेले आणि त्यांच्या वाटचं कामही तिच्याच गळ्यात पडलं.

नाही म्हणणं तिला जमत नसे. चेहऱ्यावर पट्टी बांधून आलेल्या माणसाला पुढच्या महिन्यात या, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? मग जेवण टेबलावरच, तेही अर्धवट. पाठ धरली की गोळी घ्यायची आणि पुन्हा ब्रश उचलायचा. काउंटर तिची थोरली नणंद सांभाळायची. वन्सं तोंडाच्या फटकळ, पण मनाने लोणी. लोकांना डोळे देता देता हिचेच पांढरे व्हायचे, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. ती हसण्यावारी न्यायची.

एकदा एक निवृत्त बसड्रायव्हर तक्रार घेऊन आले. तक्रार म्हणण्यासारखी नव्हतीच, डोळा अगदी चपखल बसला होता. पण दुपारी आडवं होऊन डोळे मिटले, की त्या डोळ्याला काहीतरी दिसतं, असं ते चाचरत म्हणाले. काय दिसतं? एक टेबल, पांढरा दिवा आणि ब्रश धरलेले दोन हात.

"अंगठ्यावर भाजल्याचा डाग आहे," ते म्हणाले आणि त्यांची नजर तिच्या अंगठ्यावर गेली.

तिने हात टेबलाखाली घेतला. डोळा गेल्यावर मेंदू असे खेळ करतो, डॉक्टरही सांगतात, असं म्हणून तिने त्यांची समजूत घातली. पण त्याच आठवड्यात गाणं शिकवणाऱ्या एक बाई आल्या. त्यांची आणि ड्रायव्हरकाकांची ओळखदेख नव्हती. त्यांनीही तेच सांगितलं. टेबल, दिवा, हात.

पुढच्या रविवारी ती तापाने फणफणली. नवऱ्याने तिला अंथरुणातून उठूच दिलं नाही. दुकानाला कुलूप होतं आणि किल्ली वन्संच्या पर्समध्ये. सोमवारी ताप उतरल्यावर दोघींनी मिळून दुकान उघडलं, तर टेबलावरचा ब्रश ओला होता. दिव्याखाली एक नवा डोळा ठेवलेला. तपकिरी, आणि शिरा जागरण झाल्यासारख्या लालभडक. तशी मागणी कुणाचीच नव्हती.

वन्संनी तो हातात घेतला, तिच्या चेहऱ्याजवळ धरला आणि तिच्यासमोर आरसा केला. तोच रंग. बुबुळाच्या कडेचा तोच पिवळा ठिपका. वन्संनी तो घाईने रुमालात गुंडाळून खणात टाकला.

तेवढ्यात ड्रायव्हरकाकांचा फोन आला. काल दुपारीही तुमचं काम चालूच होतं, रविवारी तरी थांबत जा, असं ते काळजीने सांगत होते.

तिने सवयीने खुर्ची ओढली.

"वहिनी, बसू नकोस," वन्सं म्हणाल्या.

"लोक खोळंबलेत, वन्सं."

"खोळंबू देत. तू थांबली नाहीस ना, तर ही तुझी जागा घेईल."

ही म्हणजे कोण, हे तिने विचारलं नाही.

दुकान बंद ठेवलं. वन्संनी एकेकाला फोन केले. काही जण चिडले, एकाने दुसरीकडे काम दिलं, बाकीचे थांबायला तयार झाले. जग बुडालं नाही. पण घरी बसणं तिला सोसवेना. झोपेतही तिची बोटं चादरीवर गोल गोल फिरत. नवरा ती आपल्या तळव्यांत धरून ठेवी. तिकडे काका कळवत, हात आता जास्तच वेगाने चालतात. दुकानात जाऊन बघावं, असं तिला फार वाटे. ती गेली नाही. रोज दुपारी गॅलरीत, मांडीवर हात ठेवून, दोरीवरचे कपडे हलताना बघत बसायची. एवढंच.

हळूहळू काकांच्या बोलण्यात फरक पडला. हात मंदावलेत. मग, ब्रश धरलाय, पण चालत नाही.

एके दुपारी गॅलरीतच तिचा डोळा लागला. अशी झोप तिला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. जागी झाली तेव्हा वार कोणता, हेही तिला सुचेना. संध्याकाळी काका स्वतः घरी आले.

"आज ती उठली," ते म्हणाले. "ब्रश धुतला, दिवा मालवला. दारात पोचल्यावर एकदा वळून बघितलं."

"कशी होती?"

"तुमच्यासारखीच. पण फार दमलेली."

ती कुठे गेली, ते त्यांना दिसलं नव्हतं. आता तिथे नुसता अंधार होता.

दुकान पुन्हा उघडलं, पण दुपारपर्यंतच. जास्त आलेल्यांना वन्सं पुढची तारीख देतात, आणि तिला ते आता टोचत नाही. फक्त सकाळी खुर्ची ओढल्यावर ती आधी गादीवर तळवा ठेवून बघते. गादी गार लागली की मगच बसते.