धूरशांतीचं तीर्थ

कुंभकोणमहून नाचियार्कोविलला जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी सातलाच गाड्यांची रांग लागली होती. रांगेच्या तोंडाशी मणीस्वामी, एका गाडीच्या धुराड्याशी पांढराशुभ्र पंचा धरून. इंजिन सुरू झालं, पेट्रोलचा उग्र दर्प सुटला आणि पंच्यावर काळे शिंतोडे उडाले.

“बघा! वाहनाच्या पोटातला राहू!” स्वामी गरजले.

बाटलीतलं तीर्थ टाकीत गेलं. मग वीस मिनिटं मंत्र, इंजिन चालूच. शेवटी नवा पंचा धरला, तर कोरा करकरीत! दर्पही गायब. गर्दीनं हात जोडले.

भवानीनं मात्र जोडले नाहीत. समोरच तिचं धूर तपासणी केंद्र होतं. अकरा वर्षं ती धुराड्यात नळी घालून आकडे वाचत आलेली. तिला एकच गोष्ट खटकत होती. लांबून धावत आलेल्या गाडीला स्वामी “उद्या पहाटेपासून इथंच उभी ठेव, आज योग नाही,” म्हणून का परतवतात?

“सगळा गाव खुळा, तूच तेवढी शहाणी होय गं?” वडील तुकोजीराव घरी करवादले.

“अप्पा, त्यांना गारच गाडी का लागते, एवढंच सांगा.”

अप्पांनी हात झटकला. पण त्याच आठवड्यात शेजारच्या नटराजची टॅक्सी चढावर धापा टाकत बंद पडली. आत डायलिसिसला निघालेली शिवकामी अक्का होती. घामाघूम झालेल्या तिला रिक्षातून न्यावं लागलं. मेकॅनिकनं गाडीखालचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर उतरवला. मधाच्या पोळ्यासारखी त्याची बारीक जाळी राखेनं चोंदली होती. नटराजनं चार बाटल्या तीर्थ ओतलं होतं.

दुसऱ्या दिवशी भवानीनं अप्पांची गार गाडी थेट गर्दीसमोर आणली. पंचा धरला, काळा झाला. यंत्राची नळी लावली, विषारी वायूंचा आकडा चढलेला. मग इंजिन चालू ठेवून ती नुसती उभी राहिली.

“अम्मा, देवाची परीक्षा घेऊ नये,” स्वामी म्हणाले.

“देवाची नाही सामी, तुमच्या बाटलीची घेते.”

वीस मिनिटं झाली. ना तीर्थ, ना मंत्र. नवा पंचा कोरा निघाला. आकडा तळाला गेला होता. गर्दीत चुळबुळ झाली. स्वामींनी घाईघाईनं बाटल्या आवरायला घेतल्या.

“हा राहू नव्हे,” भवानी म्हणाली. “गार इंजिन पेट्रोल जास्त पितं, धुराड्यात साचलेल्या पाण्याबरोबर काजळी उडते. कन्व्हर्टर तापला की विषारी वायू जाळून टाकतो. काम तो करतो, दक्षिणा हे घेतात. वर यांच्या तीर्थातल्या तेलाची राख त्याचाच गळा दाबते.”

“मग माझी जाळी?” नटराजनं विचारलं.

“बदलावी लागेल, अण्णा. धुवून ती सुधारत नाही.”

भवानी गर्दीकडे वळली.

“टाकीत चांगल्या पेट्रोलखेरीज काही ओतू नका. इंजिन अडखळलं तर त्याच दिवशी मेकॅनिककडे न्या. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर तोच प्रयोग त्याच्या औषधाशिवाय एकदा करून बघा. हात जोडायचे की नाहीत, ते मग ठरवा.”