आधीच लिहून आणलेला ठराव

मला राग फार लवकर येतो. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होते, आणि डॉक्टरसुद्धा मला वचकून असत. निवृत्त झाल्यावर एका मैत्रिणीनं मला क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या बैठकीला नेलं आणि मी तिथंच टिकले. पुजारी नाही, प्रवचन नाही. तासभर सगळ्यांनी मिळून गप्प बसायचं. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं, तर उभं राहून सांगायचं आणि परत बसायचं. माझ्यासारखीला यापेक्षा चांगलं औषध मिळालं नसतं.

मलकापुरात दिलशाद या आमच्यातल्याच बाईचं शिवणकामाचं दुकान आहे. दुकानाच्या माडीवर दर रविवारी आम्ही आठ मोठी माणसं आणि पाच मुलं जमतो. त्या पाचांतली एक माझी नात राजनंदिनी, वय वर्षं बारा. तिचे बाबा फौजेत, आई त्यांच्याबरोबर, ती शाळेसाठी माझ्याकडे. आठवडाभर ती शाळेत आणि शिकवणीत. रविवारी माडीपर्यंतची वीस मिनिटांची पायपीट तेवढी आम्हा दोघींची असते. तेव्हा ती जे बोलते, ते घरात कधी बोलत नाही.

भानगड झाली ती दिलशादच्या नातवामुळे. फिरदोस सहा वर्षांचा आहे. एका रविवारी सगळे अगदी शांत बसलेले असताना तो उठला आणि म्हणाला, "आमची शेळी व्याली. दोन पिल्लं हायती. एक काळं हाय." आणि शहाण्यासारखा खाली बसला. आमच्या बैठकीतले आप्पासो फिसकन हसले, दिलशादनं पदर तोंडात कोंबला, आणि पुढचा अर्धा तास कुणाच्या ना कुणाच्या हसण्यात गेला. माझं डोकं असं तापलं की विचारू नका.

मी मनाशी ठरवलं, पुरे झालं. मुलांनी मागच्या खोलीत चित्रं काढावीत आणि शेवटची दहा मिनिटं आत यावं. येत्या रविवारी हा विषय बैठकीत मांडायचा होता. राजनंदिनीला सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "मग मी यायची न्हाई, आजी. तू एकटी जा."

हे मला लागलं. पण मागे हटेन तर मी अंजना कसली!

आमच्यात मतदान नसतं. अध्यक्षही नसतो, एक लिहिणारी असते. अकरा वर्षं ती मीच. लिहिणारीनं सगळ्यांचं ऐकायचं, तिथल्या तिथं ठराव लिहायचा, वाचून दाखवायचा आणि विचारायचं, पटतं का? एकालाही पटलं नाही, तर ठराव थांबतो. मला हे सगळं ठाऊक होतं. तरी मी शनिवारी संध्याकाळीच ठराव वहीत लिहून ठेवला, सुवाच्य अक्षरात.

रविवारी गप्प बसणं संपलं आणि मी वही उघडली. भराभर वाचलं आणि त्याच दमात विचारलं, "पटतं का?" आप्पासोंनी मान डोलावली. ते सगळ्यालाच डोलावतात. तेवढ्यात राजनंदिनी उभी राहिली.

"आजी, अजून कुणी काय बोललंबी न्हाई. मग तू हे लिवलंस कवा?"



"बस खाली!" मी ओरडले. "मोठ्यांच्यात तोंड घालू नये!"

ती बसली. तिचे डोळे भरले होते, पण तिनं मान खाली घातली नाही. दिलशाद हळूच म्हणाली, "आवं ताई, जरा गप बसूया सगळी." चर्चा तापली की असं कुणीही म्हणू शकतं, आणि मग बसावंच लागतं.

बसले. पहिली पाच मिनिटं मी मनातल्या मनात सगळ्यांना फैलावर घेतलं. मग झापायला माणसं उरली नाहीत आणि मला माझी फार लाज वाटली. पोरगी खरं बोलली होती. मी कुणाचंही न ऐकता सगळ्यांच्या वतीनं लिहून मोकळी झाले होते.

मी उठले. "माझं चुकलं. ठराव मी घरून लिहून आणला. आज दुसऱ्या कुणीतरी लिहा, माझ्या डोक्यात माझंच घोळतंय, मला बाकीच्यांचं नीट ऐकू यायचं नाही."

"राजनंदिनी लिवंल की," दिलशाद म्हणाली. कुणाचीच ना नव्हती. मी कोरं पान काढून वही तिच्या मांडीवर ठेवली.

मग सगळे बोलले. फिरदोस म्हणाला, "माझं पाय वळवळत्यात, पन मला आतच बसायचं हाय." आप्पासो अकरा वर्षांत पहिल्यांदा आपणहून बोलले, "खरं सांगू का, माझंबी वळवळत्यात. लाजंनं उठत न्हाई." सगळे हसले, मीही हसले. मग मी माझं सांगितलं, की गडबड झाली की मला त्रास होतो आणि तोही खोटा नाही. राजनंदिनीनं तेही लिहून घेतलं.

शेवटी ती उभी राहून वाचू लागली. "मुलं आत बसतील. ज्याला बसवणार नाही त्यानं, लहान असो की मोठा, आवाज न करता गच्चीत जाऊन यावं. अंजनाआजींना गडबडीचा त्रास होतो, हे सगळ्यांनी ध्यानात ठेवावं. पटतं का?"

आणि ती थांबली. एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली, फिरदोसच्यासुद्धा. त्यानं विचार करून मान डोलावेपर्यंत ती पुढे सरकली नाही. सगळ्यांत शेवटी ती माझ्याकडे वळली. तिला घाई नव्हती. मी नाही म्हणाले असते, तर तिनं पान उलटून पुन्हा लिहायला घेतलं असतं. अकरा वर्षांत मी कुणासाठी एवढं थांबले नव्हते.

"पटतं," मी म्हटलं.


तिनं वहीत ठरावाखाली तारीख घातली.