चांगुणाबाईंसाठी ऐकणारा प्रोसेसर

मी प्रोसेसर बोलतोय. होय, टॅबलेटच्या पोटातला! गिऱ्हाईक पडदा बघतं, कॅमेरा बघतं, रंगावरून तर नवरा-बायकोत वादही होतात. पण मला आजवर कोणी पाहिलेलं नाही. तरी टॅबलेटमधला सगळा कारभार मीच हाकतो. बढाई म्हणा हवं तर.

वाळूतून काढलेल्या सिलिकॉनपासून मला परदेशातल्या एका कारखान्यात घडवलं. नखाएवढा माझा जीव, पण त्यात आठ कोअर आहेत, म्हणजे राबणारे आठ गडी. दोन दांडगे, सहा बेताचे. जड काम आलं की दांडगे उठतात, एरवी बेताचे सांभाळून नेतात, त्यामुळे बॅटरी पुरते. शिवाय माणसाचं बोलणं ओळखायला माझ्यात एक वेगळा कप्पा आहे. त्याचा मला फार अभिमान!

तिथून मी आलो भिंगारला, काशिफच्या दुकानात. शेजारी दुसरा टॅबलेट होता. त्याच्याही पोटात आठ कोअरवाला प्रोसेसर, पण सगळे गडी सारखे, जुन्या बांधणीचे, आणि बोलण्यासाठी वेगळा कप्पा नाही. पडदा मात्र माझ्यापेक्षा मोठा. लोक आधी तोच उचलायचे आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एके दुपारी घोडेगावचे आबासाहेब आले. गुरांचे व्यापारी, भरघोस मिशांचे. बरोबर त्यांच्या पत्नी चांगुणाबाई. दोन वर्षांपूर्वी तापाच्या आजारात बाईंचे दोन्ही कान गेले होते. कानातल्या यंत्राचाही उपयोग झाला नव्हता. बाई सातवी शिकलेल्या, वाचायला पटाईत. म्हणून समोरच्याचं बोलणं लगेच लिहून दाखवणारा टॅबलेट त्यांना हवा होता. मळ्यातल्या वस्तीवर नेटवर्क नाही, तेव्हा इंटरनेटशिवाय चालायला हवा. एवढीच अट, पण तीच अवघड.

काशिफने सांगितलं, दोन्हींत आठ कोअर आहेत. आबासाहेबांचं तोंड उतरलं.

"आठ म्हंजी जुळला की. चार दाती न्हाई का?"

बैलाला आठ दात आले की तो जुळला, त्याचं कोवळेपण सरलं. हा त्यांचा जन्माचा हिशेब. काशिफ हसू आवरत म्हणाला की इथे आकड्यावरून वय कळत नाही आणि ताकदही कळत नाही, बांधणी बघावी लागते. आबासाहेबांना ते पटलं. मग चालवूनच बघू, म्हणाले.

काशिफने दोघांचं इंटरनेट बंद केलं. पहिला मान अर्थातच शेजाऱ्याला. आबासाहेबांनी नाव-गाव सांगितलं. बाई पडद्याकडे बघत राहिल्या, मग कंटाळून नवऱ्याच्या तोंडाकडे बघू लागल्या, आणि तेव्हा कुठे तिथे "घोडेगाव" उमटलं. बोलणाऱ्याच्या मागे असं रखडलं, तर बाईंनी गप्पांत भाग घ्यायचा कसा?

आता माझी पाळी. माझे दोन्ही दांडगे कोअर कंबर कसून उभे! काशिफ म्हणाला, काहीही बोला. आबासाहेब घुटमळले, मग एकदम बोलते झाले.

"भाव मी करायचो, पण म्हस घ्यायची का न्हाई ते तूच सांगायचीस. तू येईनाशी झालीस तवापासनं बाजारात करमत न्हाई मला."

मी जिवाच्या आकांताने लिहीत होतो. "न्हाई"चं "नाही" केलं, "म्हस"ची "म्हैस" केली, पण अर्थ निसटू दिला नाही. त्यांचे ओठ मिटले तेव्हा शेवटचा शब्द पडद्यावर होता. जमलं होतं, मला जमलं होतं!

बाईंनी ते दोनदा वाचलं. डोळे भरून आले, तरी नवऱ्यालाच दटावलं.

"तुमच्या मिशीआड ओठ दिसंनात. मला कसं कळावं हे?"

मग पदराने डोळे पुसून त्या काशिफकडे वळल्या.

"ह्योच दे. आन् भाव माझ्याशी बोल."

त्यानंतर जी घासाघीस झाली! काशिफ बोले, मी लिही, बाई वाचून ताडकन उत्तर देत. आबासाहेब बाजूला उभं राहून नुसते हसत होते. माझा सौदा होता आणि माझीच भराभर खाली येणारी किंमत मी लिहीत होतो, पण इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

आता दर आठवड्याला बाईंबरोबर मी घोडेगावच्या बाजारात असतो. उन्हात तापतो, धुळीने माखतो, काचेला एक चराही गेलाय. चार जण एकदम बोलले की अजून माझी तारांबळ उडते. पण एका गोष्टीचं वाईट वाटतं. म्हैस विकणारे बाईंना सोडून आबासाहेबांनाच सांगतात, नाहीतर माझ्यावर वाकून मोठ्याने ओरडतात.

तुमची कधी आमच्याशी गाठ पडली तर एवढं करा. ओरडू नका, माझ्याकडे बघू नका. चांगुणाबाईंच्या डोळ्यांत बघून बोला. ऐकायला मी आहे.