पाण्याची सूट आणि एक भित्रा काटा

मित्रांनो, मी एक जुना आणि जन्मजात भित्रा वजनकाटा आहे. खाली जाड पत्र्याचा पाटा, मागे लोखंडी दांडा, दांड्यावर ताटाएवढी गोल तबकडी आणि तिच्यात एक लाल सुई, एवढाच माझा देह. सुई वजनाने हलते असं लोक समजतात. निम्म्या वेळा ती भीतीने हलते. पण भीतीचे आकडे तबकडीवर छापलेले नसल्यामुळे हे आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

कारखान्यात एका माणसाने माझी स्प्रिंग ताणून बघितली आणि "चालंल" म्हणाला. जन्माच्या वेळी झालेलं हे माझं कौतुक. मग टेम्पोत घालून मला रत्नागिरीला आणलं आणि मिरकरवाड्याच्या बंदरावर तुळसाबाईंच्या हवाली केलं. तुळसाबाई मासळीच्या व्यापारी. लिलावात उभ्या राहून बोली लावू लागल्या की पलीकडे बर्फ फोडणाऱ्याचा हात थांबायचा. त्यांनी सुरमईचा पहिला क्रेट माझ्यावर आदळला, तेव्हाच मी ओळखलं की आपलं आयुष्य दचकण्यात जाणार.

बंदरावर तोलण्याची एक रीत आहे. मासळीबरोबर बर्फ येतो, बर्फाचं पाणी होतं, म्हणून भरलेल्या वजनातून थोडं वजा धरायचं. ती पाण्याची सूट. मी खरं बोलायचं आणि तुळसाबाईंनी त्यातून पाणी काढायचं, असा आमचा संसार बरीच वर्षं सुरळीत चालला. वजनमापं खात्याचे साहेब येऊन माझ्यावर शिक्का मारत. "तुळसाबाईंचा काटा म्हणजे देवाचा शब्द," असं गिऱ्हाईकं म्हणत. असं कुणी म्हटलं की मला अधिकच धडकी भरे. देवाला चुकून चालत असेल, मला चालत नव्हतं.

पुढे लाल आकडे दाखवणारा चपटा काटा आला. त्याला सुईच नाही, त्यामुळे तो घाबरला तरी दिसत नाही. मी तुळसाबाईंच्या घरच्या पडवीत आलो. माझ्यावर आधी कांद्याची टोपली बसली, नंतर घरातला बोका. भंगारवाला बाबल्या दारावरून जाताना माझ्या दांड्याकडे बघायचा. बोकड कापणारा बोकडाकडे बघतो तसं. मी सुई शून्यावर घट्ट धरून बसायचो.

एके दिवशी तुळसाबाई डॉक्टरांकडून परत आल्या त्या गुडघे धरूनच. सूनबाई दर्शना मागून गुडघ्यांच्या आणि डायबेटिसच्या औषधांची पिशवी घेऊन आली.

"काय म्हणाला गो तो डॉक्टर? मला नीट सांग परत."

"वजन उतरवा म्हणाले, आई. नाहीतर गुडघे जायचे. नारळी पौर्णिमेनंतर लिलावात उभं राहता येणार नाही."

"मग बसून बोली लावीन."

ओल्या फरशीवर, धक्काबुक्कीत, जो उभा असतो त्याचीच बोली ऐकू जाते, हे दोघींनाही ठाऊक होतं. बसलेल्या बाईला तिथे फक्त चहा मिळतो.

"उपाय सोपा आहे म्हणाले," दर्शना म्हणाली. "आपण खातो त्यातून अंगाला कॅलरी मिळतात. चालण्याफिरण्यात, कामात त्या जळतात. मिळतात त्याहून थोड्या जास्त जाळायच्या. मी मोबाईलमध्ये लावून देते. तुम्ही तो कमरेला ठेवा, पावलं तो मोजेल."

कांद्याची टोपली उतरली. बोका हाकलला गेला. आणि तुळसाबाई माझ्यावर चढल्या. सुई जिथे गेली तिथे ती कित्येक वर्षांत गेली नव्हती. तुळसाबाईंनी आकडा बघितला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आताच चहा घेतलाय. लुगडं पण ओलं हाय. पाण्याची सूट धर."

अंगातलं सगळंच पाणी त्यांनी वजा धरलं असतं तर त्या त्याच दिवशी बारीक झाल्या असत्या.

मोबाईलचं मात्र वेगळंच झालं. तुळसाबाई पडवीत बसून सुकट पाखडायच्या. सूप उडालं की कमरेचा मोबाईल उडायचा, आणि त्याला वाटायचं बाई चालली. जेवणवेळेपर्यंत त्या बसल्या जागी पार मालगुंड गावापर्यंत पोचलेल्या असायच्या.

"बघ, किती जाळलंय!" त्या दर्शनाला मोबाईल दाखवायच्या. "आता दोन घावन खायला काय हरकत? आणि नारळाचा रस घाल वरून. एवढं चाललेलं माणूस कोरडं खातं काय?"

मला एकच पाटा आहे, मित्रांनो. काय आलं, काय जळलं, ते मला दिसत नाही. मला फक्त उरलेलं कळतं. आणि उरत होतं भरपूर. रोज सकाळी त्यांची पावलं वाजली की माझी स्प्रिंग आत आखडायची. शेवटी व्हायचं तेच झालं.

"स्प्रिंग गेलीय मेल्याची! हाक मार गो बाबल्याला. भंगारात घाल ह्याला."

बाबल्या आला. पण माणूस न्यायी निघाला. शेजारच्या बांधकामावरून त्याने सिमेंटची न फोडलेली गोणी खांद्यावर आणली आणि माझ्यावर ठेवली. गोणीवर पन्नास छापलेलं. मी आयुष्यात इतका मन लावून कधी उभा राहिलो नव्हतो. सुई पन्नासावर जाऊन थांबली.

"काकी," बाबल्या हळूच म्हणाला, "काटा बरोबर हाय."

तुळसाबाई मटकन पायरीवर बसल्या. मी वाचलो होतो. पण त्यांचं तोंड बघितलं आणि मला भंगाराहून मोठी भीती वाटली. कारण आता त्याही घाबरल्या होत्या, आणि घाबरलेली तुळसाबाई मी कधी बघितली नव्हती.

तेव्हा पावसाळ्याची बंदी लागली होती. होड्या बांधून ठेवायच्या, समुद्रात जाळं टाकायचं नाही, म्हणजे मासळी वाढते. बंदराला ही बंदी पाठ आहे. तुळसाबाईंनी ती पोटाला लावली.

"दर्या दोन महिने गप ऱ्हातो, मग भरभरून देतो. माझ्या पोटाला पण बंदी!" असं त्या कुणाला म्हणाल्या ठाऊक आहे? बोक्याला. दर्शनाला त्यांनी काहीच सांगितलं नाही. ती भाकरी वाढायची, या ताट घेऊन पडवीत यायच्या आणि भाकरी बोक्यापुढे टाकायच्या. डायबेटिसची गोळी तेवढी नेमाने घ्यायच्या, कारण डॉक्टरांनी सांगितलेली. आणि घरातल्या घरात फेऱ्या मारायच्या, कारण तेही डॉक्टरांनीच सांगितलेलं.

सुई खाली येऊ लागली. "बघ, हाच काटा. कसा वठणीवर आला!" त्या म्हणायच्या. दर्शनाही हसायची. दुपारी बोका माझ्यावर झोपायला यायचा. पूर्वी त्याच्या वजनाने सुईला जेमतेम गुदगुली व्हायची, आता ती चांगली सरकत होती. भाकऱ्या कुठे जातात याचा असा रोकडा पुरावा माझ्या छातीवर घोरत असायचा, आणि मला तोंड नव्हतं.

त्याहून वाईट एक गोष्ट होती. तुळसाबाईंचे पाय थरथरत होते. ते तबकडीवर उमटत नव्हतं. माझ्या पाट्याला तेवढं कळत होतं. आधी बारीक, रेडिओ चालू असल्यासारखं. मग उभी राहिलेली होडी लाटेवर हलते तसं. तळव्यांना गार घाम असायचा. मी सुई हलवून हलवून सांगत होतो. त्या म्हणायच्या, "हलू नको रे. म्हातारा झालास."

त्या सकाळी त्या आल्या तेव्हा पावलं नेहमीच्या लयीत वाजली नाहीत. गोळी घेऊन पेल्यातलं उरलेलं पाणी त्यांनी वाटेत तुळशीला घातलं. माझ्यावर चढल्या. सुई कालच्याहूनही खाली आली. त्या खुदकन हसल्या, "सूट न धरताच..." एवढं बोलल्या, आणि त्यांचा हात माझ्या दांड्यावर पडला. मी भित्रा असलो तरी लोखंडाचा आहे. जमेल तेवढं धरलं. पण ते पुरलं नाही. त्या, मी आणि बाजूची पितळेची बादली, तिघंही पडवीत कोसळलो. माझ्या पाट्याचा फरशीवर असा आवाज झाला की बोका अंगणातल्या आंब्यावर चढला.

"आई! आई! डोळे उघडा!" दर्शना धावत आली. तिने त्यांच्या कपाळाला हात लावला, गार घाम हाताला लागला, मग ती थांबली नाही. साखरेचं पाणी आणलं, डोकं मांडीवर घेऊन घोट घोट पाजलं. तुळसाबाईंचे ओठ हलले.

"काय म्हणताय, आई?"

"पाणी... वजा धर."

रिक्षा आली आणि गेली. मी तोंडावर पालथा पडलेलो. मला जमीन सोडून काही दिसत नव्हतं. पत्र्यावर पाऊस वाजत होता. अंधारायच्या आधी चपला वाजल्या आणि दोन हातांनी माझा दांडा पकडला. बाबल्या! माझी वेळ भरली असं वाटलं, आणि खरं सांगतो, त्याचं काही वाटलं नाही. त्याने मला उभा केला, शर्टाच्या बाहीने तबकडी पुसली आणि म्हणाला, "काकी बऱ्या हायत. उद्या येतील. आल्यावर शिव्या द्यायला कोणतरी हवा ना रे?"

तुळसाबाई दुसऱ्या दिवशी घरी आल्या. दर्शनाचं तोंड थांबत नव्हतं. डॉक्टरांनी तिला झाडलं होतं, ती ते व्याजासकट परत करत होती.

"उपाशी पोटी ती गोळी! साखर पार तळाला गेली होती, आई. थोडंच कमी खायचं, थोडंच जास्त चालायचं, हळूहळू. हे सांगितलं होतं की नाही?"

"बंदी म्हणजे..."

"बंदीत होड्या उपाशी असतात. मासे नाहीत! ते खातात म्हणून तर वाढतात. आणि तुम्ही गेलात तर लिलावात कोण, बोका उभा राहणार?"

तुळसाबाईंनी आंब्याखाली बसलेल्या बोक्याकडे बघितलं. तो खरोखरच उभा राहण्याच्या अवस्थेत नव्हता.

त्यानंतर दोघी समोरासमोर जेवू लागल्या. ताटात एक भाकरी कमी, भाजी जास्त, रस फक्त सणाला. सुकट पाखडताना मोबाईल खुंटीला. संध्याकाळी पाऊस उघडला की दोघी समुद्राच्या कडेने चालून यायच्या. सुई इतकी सावकाश उतरली की मला कंटाळा यावा. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी कंटाळलो. कंटाळा किती सुंदर असतो, हे भित्र्यालाच कळतं.

नारळी पौर्णिमा झाली. लिलावाला निघायच्या आधी तुळसाबाई माझ्यावर चढल्या. दर्शनाने त्यांचं कोपर धरलं होतं.

"सोड गो, वजन बघूया."

"बघा की. मी नाही सोडत."

आता, माणूस दुसऱ्यावर थोडं रेललं की काट्यावर तेवढं कमी भरतं. सुई थांबली ती खऱ्याहून थोडी अलीकडे. तुळसाबाईंनी आकडा बघितला, सुनेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एवढी सूट चालेल."

माझ्यावर इतक्या वर्षांचे शिक्के आहेत. तरी मी काही बोललो नाही.

म्हणून एवढंच सांगतो, मित्रांनो. तुमच्या घरी कुणी काट्यावर चढलं तर आकडा सावकाश बघा. आधी त्याच्या पायांना हात लावून बघा. थरथरत असतील तर त्याला खाली उतरवा आणि जेवायला बसवा. आणि जेवताना बोक्यावर नजर ठेवा.