काचेवरचा लाल ठिपका

मित्रांनो, हमरस्त्याच्या कडेला, पेट्रोल पंपामागे जुन्या रेडिओंचे एक छोटे संग्रहालय आहे. तिथे खिडकीजवळच्या फळीवर बसलेला वॉल्व्हचा रेडिओ म्हणजे मी. गाड्या पंपावर थांबतात. माणसे पाय मोकळे करायला आत येतात, "केवढं हे धूड!" म्हणतात आणि पुढे निघून जातात.

कारखान्यात सुताराने माझी पेटी घासून गुळगुळीत केली, एका बाईने आतल्या तारा जोडल्या. तिथून मी एका नव्या संसारात आलो. घरातली बाई शिवणकाम करायची. सकाळी ती आधी माझे बटण फिरवायची आणि मग मशीनवर बसायची. माझे वॉल्व्ह तापेपर्यंत तिची एक शिवण होऊन जायची. तिच्याइतके मन लावून मला कुणीच ऐकले नाही.

पुढे स्टेशन दाखवणाऱ्या काट्याचा आतला दोरा सैल झाला. काटा एका आकड्यावर आणि स्टेशन भलतीकडेच. नवरा दुरुस्तीला न्यायला निघाला.

"राहू दे. याच्याशिवाय माझा दिवस जायचा नाही," ती म्हणाली. स्टेशन जिथे नीट लागले, तिथे तिने काचेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला.

"आता रेडिओलाही नटवणार का?"

"तुम्हाला सापडावं म्हणून केलंय. घरातलं काही कधी सापडतं का तुम्हाला?"

मग टीव्ही आला आणि मी माळ्यावर गेलो. ती गेली तेव्हाही मी तिथेच होतो. खालची मशीन थांबली, एवढेच मला कळले. नंतर घर बदलताना सामान आवरणाऱ्यांनी मला भंगारात दिले. तिथून मी इथे आलो.

काल संग्रहालयाचे मालक स्पिरिटचा बोळा घेऊन माझी काच पुसायला बसले. तेवढ्यात प्रवासात थांबलेले एक आजोबा मुलीबरोबर आत आले. ते दारातूनच म्हणाले, "थांबा. ते पुसू नका."

"अहो, डाग आहे. काच खराब दिसते."

"डाग नाही तो. तिथं स्टेशन लागतं. आमच्या हिने केलेली खूण आहे."

मालकांनी बोळा बाजूला ठेवला आणि मला सुरू केले. आजोबांनी काटा ठिपक्यावर आणला. ते स्टेशन केव्हाच बंद झाले आहे, मित्रांनो. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण माझ्यातून नुसती खरखर निघाली. ते तीच ऐकत उभे राहिले.

मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, घरी नेऊया का याला?"

मला वाटले, त्यांनी हो म्हणावे.

"नको गं. घरी मशीन बंद. हा कुणासाठी वाजणार?"

त्यांनी माझ्या पेटीवर हात ठेवला आणि मग उचलला. गाडी निघून गेली. मालकांनी ठिपका सोडून उरलेली काच पुसली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर पुसा. पण एखादा डाग दिसला, तर आधी घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. तो कुणाच्या हातचा आहे, हे आम्हाला माहीत असते. पण सांगता येत नाही.